गैरहजर माणसांची संमती

सावरदरा, ९ एप्रिल

प्राध्यापक सत्यम सर यांस,

अभिनंदन. कायमची ऑर्डर मिळाली म्हणे. इतकी वर्षं तासावर शिकवत होतास, संस्थेच्या दारात चपला झिजवत होतास, शेवटी पावले एकदाचे. आम्हाला गावात पाऊल टाकल्या टाकल्या कळलं. ट्रॅक्टरमधून भांडी उतरवत होतो, तोच धोंडीराम आप्पा आले आणि म्हणाले, "चंद्रभागा, पोरगं पर्मनंट झालं तुजं." आईनं घागर तिथंच ठेवली आणि भर रस्त्यात देवळाकडं तोंड करून हात जोडले. सगळा हंगाम ऊस तोडून तिचे खांदे वर होत नाहीत, तरी जोडले.

मग आप्पांनी पुढचं सांगितलं. ते ऐकून आई खाली बसली. तुझी बहीण, म्हणजे मी, उभीच राहिले. बसायला जागा तरी कुठं ठेवलीस तू?

पत्र लिहितेय, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवरून बोलले तर 'तासाला आहे' म्हणून ठेवतोस. रविवारी कसला तास असतो रे? म्हणून कॉलेजच्या पत्त्यावर टाकतेय. शिपाई आणून देईलच, आता तू कायमचा आहेस.

आम्ही काय ऐकलं ते सांगते. खोटं असेल तर तसं कळव, मी बीडला येऊन तुझ्या पाया पडीन. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांना जिलेबी वाटली, आणि देवळाच्या मंडपात ग्रामसभा भरली. विषय काय, तर माळावरचं गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं. माळावर आपली पाच घरं. पाचही घरं त्या दिवशी कोल्हापूरकडं उसात. दिवाळी झाली की माळावर कुत्रं सोडून कुणी नसतं, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. ग्रामसभा एक मेलाही भरते. तेव्हा आम्ही घरी असतो. पण तेव्हा हा विषय घेतला असता तर आम्ही तोंड उघडलं असतं ना!

धोंडीराम आप्पा उभे राहिले म्हणे. "माळावरची मान्सं हितं न्हाईत. त्यांला इचारलं का?" विजयसिंह भाऊसाहेबांनी तुझ्याकडं बोट केलं. तुझ्या संस्थेचे मालक तेच, गावचे पुढारी तेच, मग बोट तुझ्याकडं नाही तर कुणाकडं करतील? "सत्यम सर त्यांच्यातलेच आहेत. ते सांगतील."

आणि तू भाषण ठोकलंस. म्हणे लोकशाहीत प्रत्येकाचा होकार तोंडानंच घ्यावा लागतो असं नाही. जो गावच्या रस्त्यावरून चालतो, गावच्या नळाचं पाणी पितो, त्यानं गावच्या कारभाराला मूक संमती दिलेलीच असते, असं इंग्लंडच्या एका थोर विद्वानानं सांगून ठेवलंय. लोकांनी माना डोलावल्या. अरे, नळ माळापर्यंत आलाय का? आम्ही अजून हापशाचं पितो.

पण आप्पा जुने माणूस. ते म्हणाले, "मला तुजा इंग्रज कळत न्हाई. भंडारा उचल, मग मानू."

आपल्या गावात शब्द कसा पक्का होतो ते तुला शिकवायला नको. देवापुढची हळद आणि बेलाचं पान ओंजळीत घेऊन, कुणाचं तरी नाव घेऊन बोलायचं. बोललेलं खोटं निघालं तर ज्याचं नाव घेतलं त्याला ते लागतं. बांधाचं भांडण असो, निवडणूक असो, सोयरीक असो, भंडारा उचलला की विषय संपला.

तू उचललास. म्हणालास, "आईला आणि चारी घरांना मी फोनवर विचारलंय. सगळे हो म्हणालेत. खोटं असेल तर माझ्या लेकीला, वैष्णवीला लागो."

दादा, कधी विचारलंस? संक्रांतीला तुझा फोन आला होता. तू म्हणालास, "आई, थंडी लई हाय का तिकडं?" आई म्हणाली, "हाय की." त्यानंतर फोन नाही. आश्रुबा काकांकडं तर फोनच नाही, त्यांचा उसात पडून फुटला. तू कुणाला विचारलंस ते एकदा सांग.

रोहिणी

सावरदरा, ३ मे

दादा,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. रोहिणीला राजकारण कळत नाही, भाऊसाहेब सगळ्यांना घरकुल देणार आहेत, सगळ्या गावाची मिळून एक इच्छा असते आणि तिच्यापुढं एकट्यादुकट्याची इच्छा धरून बसायचं नसतं. हे तुझ्या दुसऱ्या विद्वानाचं ना? तो घड्याळं बनवणाऱ्याचा पोरगा, फ्रान्सच्या राजाची झोप उडवणारा? तूच मला त्याच्या गोष्टी सांगायचास. मला वाटायचं तो आपल्या बाजूचा आहे. तू तर त्यालाही भाऊसाहेबांच्या गाडीत बसवलंस.

तू बी.ए.ला होतास तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत कारखान्यावर आलतास, आठवतं? आम्ही मोळ्या बांधत होतो आणि तू उसाच्या ढिगावर बसून परीक्षेचं पुस्तक मोठ्यानं वाचत होतास. राजा नव्हता, सरकार नव्हतं, तेव्हाही माणसाला हक्क होते, जन्माबरोबर आलेले. ज्या जमिनीवर कुणाचंच नाव नाही, तिच्यात ज्याचा घाम पडला त्याची ती. सरकार मागाहून आलं. लोकांनी आपसात करार करून त्याला राखणीला ठेवलं. राखणदारच पीक खायला लागला तर त्याला काढून टाकायचा हक्कही लोकांचाच.

आईनं कोयता टेकवून विचारलं होतं, "ह्यो कोन म्हनला?"

"इंग्लंडचा एक विद्वान, आई. लई जुना."

"त्यानं कवा धोंडे येचले का?"

सगळा फड हसला. तूही हसलास. पण आईनं ते मनात ठेवलं. अण्णा गेल्यापासून दर उन्हाळ्यात, उसातून आल्या आल्या, ती माळावरचे दगड वेचत होती. त्या दगडांचाच बांध घातला, बाजरी केली, मूग केला, कडेला सीताफळं लावली. पुढं तलाठी आले आणि हे अतिक्रमण आहे म्हणाले, तेव्हा आई काय म्हणाली? "इंग्लंडच्या मान्सानं सांगितलंय, घाम गाळला त्याचं रान. माजा सत्यम वाचून दावतो." तलाठी हसत हसत चहा पिऊन गेले. तेव्हापासून आपल्या तुकड्याला गावात 'इंग्रजाचं वावर' म्हणतात. तुझ्या विद्वानाला लंडनात कुणी विचारत असेल नसेल, सावरदऱ्यात त्याच्या नावाची बाजरी निघते.

तुझं ते पुस्तक अजून कोनाड्यात आहे. नांदणं सोडून आष्टीहून आले तेव्हा रिकामपणी मी ते वाचायला घेतलं होतं, आता पुन्हा काढलं. तोच विद्वान घामाच्या गोष्टीला लागूनच म्हणतो की माझ्या गड्यानं कापलेलं गवत माझंच. गड्याचा घाम गेला कुठं, ते नाही सांगत. हे तू ढिगावर बसून वाचलं नव्हतंस. वाचलं असतंस तर आईनं तुला तिथंच कोयता दाखवला असता.

आता कामाचं. आम्ही तक्रार दिली आहे, की आम्हाला कुणी विचारलं नाही. वीस तारखेला तालुक्याला सुनावणी आहे. पाचही घरच्या कर्त्या माणसांचे जबाब घेणार. तू ये, आणि एवढंच सांग की मी विचारलं नव्हतं. तुझी नोकरी जाईल, हे मला समजतं. एवढी मी निर्दय नाही. पण ह्या घरानं तुझ्यासाठी जे केलं ते बोलून दाखवायला लावू नकोस.

आणि नाही आलास तरी चालेल. आई बोलेल. एकदा मुकादमानं शेजारच्या सत्यशीलाला शिवी दिली तर ही बाई कोयता घेऊन त्याच्या ट्रॅक्टरपुढं उभी राहिली होती. साहेबापुढं काय गप्प बसेल? तू बीडमध्ये, पालीकडच्या तुझ्या नव्या घरात, पंख्याखाली बस. तुझ्या वाटचं खरं आम्ही बोलू.

रोहिणी

सावरदरा, २१ मे

सत्यम,

तू आला नाहीस. बरं झालं. तुझी गरजच पडली नाही.

आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. जीपमध्ये सगळी बोलत होती, आई एकटी गप्प. मला वाटलं, मनात जुळवाजुळव करतेय. मी तिला म्हणाले, "घाबरू नको, जे हाय ते सांग." तिनं मान हलवली.

साहेब माणूस चांगला होता. त्याला नावं ठेवणार नाही मी. त्यानं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नीट समजावून विचारलं, "मावशी, तुम्ही उसात होता तेव्हा मुलानं तुम्हाला फोन करून गायरानाचं विचारलं होतं का? नसेल विचारलं तर नाही सांगा. कुणाला घाबरायचं कारण नाही."

आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं बघत म्हणाली, "व्हय. इचारलतं."

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

"हो म्हनले."

मी ओरडले, "आई, काय बोलतीस तू!" कारकुनानं मला दटावलं. साहेबानं पुन्हा विचारलं. आईनं पुन्हा तेच सांगितलं आणि अंगठा दिला.

मग आश्रुबा काकांचा नंबर. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मला काय सांगायचं न्हाई."

"विरोध आहे की नाही तुमचा?"

"काय सांगायचं न्हाई, सायेब."

साहेब कारकुनाकडं वळला. मग त्यानं लिहून घ्यायला सांगितलं, विरोध नाही. सत्यशीला गप्प. बाकीची दोन्ही घरं गप्प. पाच घरं, एक होकार आणि चार मुकी तोंडं. तुझी मूक संमती ती हीच का? पुस्तकात वाचली तेव्हा एवढी वाईट दिसत नव्हती.

मी पुढं झाले. मला बोलायचंय म्हणाले. कारकून म्हणाला, तुमचं लग्न झालंय ना, तुमचं नाव सासरी असेल, इथं कर्त्या माणसाचा जबाब झालाय. म्हणजे जन्माबरोबर आलेला हक्क लग्नाबरोबर गेला. आष्टीत मला दार बंद आहे आणि इथं माझं नाव नाही. तरी मी बोलले, "साहेब, माझ्या भावानं खोटा..." एवढ्यात आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. कोयत्यानं घट्टे पडलेला हात आहे तो. माझा ओठ आतून फुटला.

बाहेर चहाच्या टपरीपाशी मी तिला धरून हलवली. "कावून खोटं बोललीस? कावून?"

ती म्हणाली, "मी न्हाई म्हनले आसते तर त्याचा भंडारा खोटा पडला आसता. लेकराचं नाव घितलंय त्यानं. वैष्णवीला कायबाय झालं तर? रान काय, दगडंच हायेत."

मी काकांकडं वळले. "आणि तुमी?" त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तुज्या भावाच्या लेकराच्या जिवावर रान घिऊन मी कुटं नेऊ, पोरी? सत्यमला मी खांद्यावर खेळिवलंय."

ऐकलंस? तू त्यांचं घर विकलंस आणि त्यांनी तुझी पोर वाचवली. तुझ्या समजुतीप्रमाणं वाचवायला काही नव्हतंच, हे मला माहीत आहे. तू देवाधर्माला हसणारा माणूस. अण्णांच्या दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, माणसानं बुद्धीनं चालावं, असल्या भीतीतून बाहेर पडल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. मला ते भाषण लई आवडलं होतं. आता कळलं ते कशाला कामी येतं. भंडारा तुझ्या लेखी नुसती हळद, म्हणून तू हसत हसत उचललास. आईच्या लेखी तो देव आहे, म्हणून तिला तुझं खोटं खरं करावं लागलं. तुला हे ठाऊक होतं, सत्यम. तिकडं उभं राहून वैष्णवीचं नाव घेतलंस तेव्हा तुला पक्कं ठाऊक होतं की ही म्हातारी काय करणार. आप्पांनी भंडारा मागितला म्हणून तू अडचणीत नाही आलास. तुझं कामच सोपं झालं.

तू शिकवायचास, काही हक्क असे असतात की माणसानं स्वतः देतो म्हटलं तरी देता येत नाहीत. देता येतात. काल मी बघितलं. आईनं खुर्चीवर बसून, पाणी पिऊन, अंगठा लावून दिले. कुणी जबरदस्ती केली नाही. उद्या वर्गात हेही सांग.

तू मेलास मला. हे मी आईला सांगितलं नाही, नाहीतर ती माझंही तोंड हळदीनं धुऊन काढील.

रोहिणी

सावरदरा, २९ ऑक्टोबर

दादा,

तुला दादा म्हणणार नव्हते. पण हे पत्र आई सांगते आणि मी लिहिते, म्हणून तिचा शब्द ठेवला. समोर बसलीय. मधे मधे माझं मी घालीन, तिला वाचता येत नाही.

माळावर तारेचं कुंपण झालं. आपलं घर अजून आहे, कारण खांब तिथवर आले नाहीत. घरकुलाचं भाऊसाहेब निवडणुकीनंतर बघू म्हणतात. सीताफळाची झाडं मशीननं काढली. फळं धरलेली होती. आईनं ती गोळा करून पेंढ्यात पिकवली आणि एक टोपलं तुझ्याकडं पाठवलं, भारतच्या रिक्षात. पोचलं का, विचारतेय. आईनं एक खाल्लं नाही त्यातलं.

परवा बद्रीनाथ मुकादम येऊन गेला. यंदा आईला नेणार नाही म्हणत होता, हात चालत नाहीत म्हणून. पण दोन माणसांशिवाय एक कोयता धरत नाहीत. शेवटी तयार झाला. मी ऊस तोडीन, ती वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, बांधील. परवाच्या दिवशी निघतोय. वावर असतं तर यंदा ती राहिली असती. मूग चांगला आला असता.

आई विचारते, वैष्णवीचा ताप पुरता उतरला का? भाद्रपदात तू फोनवर सांगितलंस की तिला दवाखान्यात ठेवलंय, डेंग्यू झालाय. त्या दिवसापासून आई पायात चप्पल घालत नाही. तिचं म्हणणं, कचेरीत मी 'खोटा' हा शब्द बोलले, तोंड दाबायला तिला उशीर झाला, तेवढा शब्द देवानं ऐकला. बरेच दिवस माझ्या हातचं जेवली नाही. मी म्हणाले, आई, डास चावला तिला, बीडमध्ये घरोघरी तापाची माणसं हायेत. तर म्हणाली, "डासाला कुनी धाडलं?" काय सांगू तिला? तुझ्या कोणत्या विद्वानाला याचं उत्तर विचारू? दवाखान्यात तू रात्रभर पोरीच्या उशाशी बसला होतास, असं वहिनी म्हणाल्या. तेव्हा तुलाही तो भंडारा आठवला का? आठवला असेल तर मला बरं वाटेल. एवढी वाईट झालेय मी.

पोरगी बरी झाली हे ऐकून मीही देवळात जाऊन आले. हे आईनं सांगितलेलं नाही, माझं आहे.

आता तिचा निरोप, जसा बोलते तसा लिहिते. मी दोनदा म्हणाले, आई, हे नको लिहायला. ती म्हणाली, लिही.

"सत्यमला म्हनावं, आमी परवा उसाला चाललोत, आता पाडव्यालाच येनार. मदी सव्वीस जानेवारी हाय. त्या दिशी गावात पुन्ना काय इचारायचं आसंल, घराचं म्हना, आनिक कशाचं म्हना, तर मी आत्ताच हो म्हनून ठिवते. सगळ्याला हो. फोन करायची बी गरज न्हाई. फकस्त पुन्ना लेकराच्या नावानं भंडारा उचलू नगं म्हनावं."

एवढंच. खाली तिनं अंगठा उठवलाय. शाई नव्हती, म्हणून देवापुढची हळद पाण्यात कालवली.

रोहिणी